कापसाचा कस मोजता, श्वासाचा कधी?

दिवाळी सरली की परभणी जिल्ह्यातल्या रस्त्यांवर कापसाच्या गाड्यांची रांग लागते. मानवत, सेलू, पाथरी, जिंतूर, सोनपेठ, गंगाखेड. जिनिंगची पत्र्याची शेड पुन्हा घरघरू लागतात. गाडी फाटकातून आत आली की मोजमाप सुरू होते. आधी वजनकाटा. मग कापसाच्या ढिगात आर्द्रतामापक खुपसला जातो. कापूस महामंडळाची खरेदी असेल तर ८ टक्के आर्द्रता धरून भाव लागतो आणि १२ टक्क्यांच्या पुढे माल नाकारला जातो. धाग्याची लांबी पाहतात. मायक्रोनेअर पाहतात. हे मायक्रोनेअर म्हणजे कापसाच्या बोळ्यातून हवा सोडायची आणि ती किती अडते त्यावरून तंतूचा बारीकपणा ठरवायचा. गाठीत कचरा किती टक्के, त्याचेही माप आहे. गाठ स्वच्छ व्हावी म्हणून फेब्रुवारी २००० मध्ये केंद्र सरकारने कापूस तंत्रज्ञान अभियान काढले आणि जिनिंग-प्रेसिंगच्या आधुनिकीकरणाला सरकारी तिजोरीतून अनुदान दिले.

कापसातून हवा सोडून कापूस मोजण्याचे यंत्र या देशाला सापडले. त्याच शेडमध्ये दहा-बारा तास उभा राहून जो माणूस ती हवा छातीत घेतो, त्या हवेत धूळ किती आहे, हा प्रश्न फाटकावर कोणी विचारल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही.

ही माणसे कोण आहेत हे आमच्या वाचकांना सांगायला नको. ज्यांच्या नावावर सातबारा नाही, त्यांच्या घरातली ही माणसे. हंगामापुरते काम, मुकादमाच्या वहीत नाव, बहुतेकांकडे नेमणुकीचा कागद नाही. तोंडाला गमछा किंवा पदर, एवढेच संरक्षण. पदराने रुईचे तंतू अडतात, पण छातीत जाऊन बसणारी धूळ त्याच्या विणीतून सहज पार होते. सगळा प्रश्न इथेच आहे, कारण धूळ ही एक वस्तू नाही.

माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. १० मायक्रॉनहून मोठे कण बहुतांशी नाकात आणि घशात अडकतात. शिंक येते, थुंकी काळी पडते, माणसाला कळते. ४ मायक्रॉनच्या आसपासचे आणि त्याहून बारीक कण फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतात आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. शेडमध्ये डोळ्यांना दिसणारा धुरळा कमी झाला म्हणून मालक सांगतो, 'आता कुठे धूळ आहे?' जी दिसते ती धूळ बहुधा कमी घातक असते. म्हणून सगळी धूळ एकत्र गोळा करून वजन केले तर उत्तर चुकते. कणांची आकारानुसार वाटणी करणारे यंत्र लागते.

असे यंत्र करणे ही काही गोऱ्या माणसाची जादू नाही. आपल्या आयाबहिणी खळ्यावर तेच करत आल्या आहेत. सुपातून धान्य उफणताना दाणा पायाशी पडतो, फोलकट वाऱ्याबरोबर पुढे जाते. वारा तोच, वजन वेगळे, म्हणून जागा वेगळी. कापसाच्या धुळीसाठी अमेरिकेत ठरलेले यंत्र म्हणजे ही उफणणीच उभी केलेली आहे. साधारण १५ सेंटिमीटर व्यासाचे एक उभे नळकांडे. खालून हवा वर ओढायची, मिनिटाला ७.४ लिटर. एवढ्या रुंद नळकांड्यात एवढी हवा सेकंदाला जेमतेम दोन-तृतीयांश सेंटिमीटर वेगाने वर चढते. १५ मायक्रॉनचा कण स्थिर हवेत साधारण त्याच वेगाने खाली पडतो. म्हणून १५ च्या वरचे कण आणि तंतूचे पुंजके वर चढू शकत नाहीत, त्याखालचे वर जाऊन गाळणकागदावर बसतात. नळकांड्याची रुंदी कुठून आली, हे गणित दहावीच्या मुलाला समजावून सांगता येईल.

दुसरी पद्धत आदळण्याची. अरुंद छिद्रातून हवा वेगाने सोडायची आणि समोर एक पट्टी धरायची. हवा पट्टीला वळसा घालून निघून जाते. जड कणाला ते वळण घेता येत नाही. तो सरळ जाऊन पट्टीवर चिकटतो. हलका कण हवेबरोबर वळतो. मग पुढे आणखी अरुंद छिद्र, आणखी एक पट्टी. तिथे त्याहून बारीक कण सापडतो. अशा पायऱ्यांचे यंत्र इंग्लंडच्या के. आर. मे यांनी १९४५ मध्ये प्रसिद्ध केले. तिसरी पद्धत भोवऱ्याची, म्हणजे सायक्लोनची. ती तर जिनिंगवाल्यांना आणि दालमिलवाल्यांना तोंडपाठ आहे. शेडबाहेर पत्र्याचा जो मोठा शंकू उभा असतो तो सायक्लोनच. त्याच तत्त्वाचा अंगठ्याएवढा सायक्लोन कामगाराच्या कॉलरला लावता येतो, कमरेला छोटा पंप. मोठा सायक्लोन कचरा वेगळा काढतो. हा लहान सायक्लोन मोठी धूळ बाजूला टाकून फक्त छातीत जाणारी धूळ कागदावर पाठवतो. पहिला प्रत्येक जिनिंगला परवडतो. दुसरा परवडत नाही असे कोणी सांगू नये.

आता या धुळीने होते काय? आजाराचे नाव बिसिनोसिस. कापसाच्या बोंडाभोवतालच्या सुक्या पानांचा चुरा, त्यावरचे जिवाणू आणि त्यांचे विष हे सगळे रुईबरोबर उडते. आठवड्याची सुट्टी घेऊन माणूस कामावर परतला की पहिल्या दिवशी छाती आवळून येते, दम लागतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थोडे बरे वाटते. गिरण्यांच्या काळात याला सोमवारचा ताप म्हणत. वर्षे गेली की सोमवारचे दुखणे रोजचे होते आणि मग काम सोडले तरी दम जात नाही. अहमदाबादच्या गिरण्यांचा १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की कापूस उलगडण्याच्या आणि पिंजण्याच्या खात्यांत दर तिघांमागे साधारण एकाला हा आजार होता. सिलिकोसिसचे डाग एक्स-रेवर दिसतात. बिसिनोसिसची अशी स्वतःची खूण एक्स-रेवर उमटत नाही. त्यामुळे डॉक्टर त्याला दमा म्हणतो, बिडीचा खोकला म्हणतो, टीबीच्या गोळ्या देतो. ज्या आजाराची फिल्म निघत नाही, त्याचा पुरावा दोनच ठिकाणी मिळतो. पाळीच्या आधी आणि नंतर माणसाच्या फुंकण्याची ताकद मोजायची, आणि त्याने घेतलेली हवा मोजायची.

मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास आपण वेतनाच्या अंगाने वाचला आहे. अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात शिरू देत नसत, कारण धोट्याचा धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याच्या थुंकीचा धागा सवर्ण विणकराला बाटवत असे. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. विणकामात पगार जास्त होता, हे आपण सांगतो आणि ते खरेच आहे. पण या प्रश्नाला धुळीचेही एक अंग आहे. अमेरिकेने १९७८ मध्ये कापसाच्या धुळीची मर्यादा ठरवली तेव्हा सूत काढण्याच्या खात्यांसाठी ती एका घनमीटरला २०० मायक्रोग्रॅम ठेवली आणि विणकामासाठी ७५०, कारण विणकाम खात्यातल्या धुळीने होणारा अपाय कमी. म्हणजे जी धूळ जास्त घातक, त्या बाजूला कोणी उभे राहायचे, हेही इथे जातीने ठरवून टाकले होते. तेव्हा ती धूळ मोजायला कोणी आले नाही. बाबासाहेब मजूरमंत्री झाल्यावर डिसेंबर १९४३ मध्ये धनबादच्या कोळसाखाणीत स्वतः खाली उतरले. कामगाराची हवा कामगार उभा असतो तिथे जाऊनच कळते.

अमेरिकेतली ती मर्यादा आपोआप आली नव्हती. कॅरोलिनामधल्या निवृत्त, दम लागलेल्या गिरणी कामगारांनी १९७५ मध्ये ब्राऊन लंग असोसिएशन उभी केली. गिरणीमालक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९८१ मध्ये हरले. पण तिथेही एक गंमत आहे. सूतगिरणीला हे मानक लागू झाले, जिनिंगला त्यातून वगळले. हंगामी काम, विखुरलेले मजूर. जगभर सबब एकच.

आपल्याकडे काय आहे? १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात बिसिनोसिस होता. डॉक्टरला असा रोगी सापडला तर त्याने कारखाना निरीक्षकाला कळवायचे, असे बंधन होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा संहितेने घेतली. तिच्याही यादीत हा आजार आहे. म्हणजे नाव आहे. पण जुन्या कायद्यात विजेवर चालणारा कारखाना १० कामगारांपासून कारखाना ठरत होता, नव्या संहितेत ही संख्या २० झाली. छोटे जिनिंग अलगद बाहेर. आणि कामगार विमा? १९४८ च्या राज्य विमा कायद्याने हंगामी कारखाने वगळले आणि हंगामी कारखाना कोणता, हे सांगताना पहिलेच नाव घेतले कापूस जिनिंगचे. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत तीच व्याख्या उचलून ठेवली आहे. कापसाच्या धुळीचा आजार कायद्याला मान्य आहे, पण ती धूळ पहिल्यांदा जिथे उडते तिथल्या मजुराला विम्याचे कार्ड नाही. त्याला उरतो नुकसानभरपाईचा दावा. दाव्यात मालकाचा वकील विचारणार, धूळ होती याचा पुरावा काय?

त्या क्षणी गाळणकागद साक्षीदार होतो. मुकादमाच्या वहीतले नाव खोडता येते. कागदावर बसलेली धूळ, तिची तारीख आणि वजन खोडणे जरा अवघड जाते.

कोणी म्हणेल, परभणी शहरात प्रदूषण नियंत्रण मंडळाचे स्वयंचलित केंद्र आहे, ते पीएम २.५ मोजतेच. मोजते, आणि मोजायलाच हवे. १८ नोव्हेंबर २००९ च्या राष्ट्रीय मानकानुसार पीएम २.५ ची वार्षिक मर्यादा ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये तोच आकडा ५ वर आणला. २०१९ च्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात मराठवाड्यातली संभाजीनगर, जालना, लातूर ही शहरे आली, परभणी नाही. ती यादी हवा मोजणाऱ्या केंद्रांच्या जुन्या आकड्यांवरून झाली होती. जिथे यंत्र नव्हते तिथली हवा यादीत येण्याचा प्रश्नच नव्हता. पण हे सगळे मोकळ्या हवेचे. चौकातले केंद्र शेडच्या आतल्या मजुराबद्दल एक अक्षर सांगत नाही. यंत्र कामगाराच्या नाकापासून एका फुटाच्या आत असले पाहिजे, नाहीतर ते दुसऱ्याच कोणाची तरी हवा मोजते.

आणि बाहेरून आणलेले यंत्र जसेच्या तसे आपल्या शेडमध्ये चालेलच असे नाही. इथे आमच्या अभियांत्रिकीच्या पोरांना काम आहे. सूतगिरणीपेक्षा जिनिंगमध्ये उडते तंतू कितीतरी जास्त. तंतू छिद्राच्या तोंडावर आडवा पडला की छिद्र अरुंद होते आणि यंत्र भलत्याच आकाराचा कण पकडू लागते. म्हणून आधी तंतू अडवणारी जाळी किंवा ते उभे नळकांडे हवे, मग आदळण्याच्या पायऱ्या. पट्टीवर कण आदळून परत उडतो, म्हणून तिला ग्रीस लावतात. पण हंगामाच्या शेवटी, एप्रिलमध्ये, पारा चाळिशीपार जातो तेव्हा पातळ ग्रीस ओघळते. कोणते वापरायचे, हे परभणीच्या उन्हातच ठरवावे लागेल. लेथवर छिद्र दहा टक्के मोठे निघाले तर पकडल्या जाणाऱ्या कणाचा आकार साधारण पंधरा टक्क्यांनी सरकतो. कागद धुळीने भरत जाईल तसा पंप दमतो. हवा वीस टक्के कमी झाली की चार मायक्रॉनवर कापणारे यंत्र साडेचारच्या जवळ कापते. प्रवाह स्थिर ठेवणारा पंप म्हणूनच चैनीची वस्तू नाही. सेन्सरचे स्वस्त डबे बाजारात आहेत. प्रकाश टाकून ते अंदाज सांगतात, ओलसर हवेत फसतात. ते जागृतीला ठीक. न्यायालयात वजन केलेला कागदच लागतो.

वजन हे खरे कष्टाचे काम. कॉलरवरचा पंप मिनिटाला दोन लिटर हवा ओढतो; आठ तासांत जेमतेम एक घनमीटर हवा होते. त्या हवेत २०० मायक्रोग्रॅम धूळ असेल तर कागदाचे वजन ०.२ मिलिग्रॅमने वाढणार. सोनाराचा काटा इथे कुचकामी. कागद आधी आणि नंतर एकाच आर्द्रतेत ठेवून सूक्ष्म तराजूवर तोलावा लागतो. कानपूरच्या आयआयटीत प्रा. तरुण गुप्ता यांच्या गटाने पीएम २.५ चा देशी नमुनासंग्राहक तयार केला आणि त्याच्या चाचण्या २०११ मध्ये प्रसिद्ध केल्या. म्हणजे इथे होत नाही, ही सबब संपली. परभणीत वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे कृषी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, नांदेडला श्री गुरुगोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था आहे. कापूस याच विद्यापीठाच्या अभ्यासाचा विषय. शेवटच्या वर्षाचे प्रकल्प करणारी आपली मुले तिथे आहेत. नुसता तयार सर्किटचा प्रकल्प विकत आणून गुण मिळवण्यापेक्षा आपल्या बापाच्या शेडमधली हवा तोलावी.

आकारानुसार वाटणी का, याचे आणखी एक कारण या शेडमध्येच आहे आणि ते आपल्या फार जवळचे आहे. आपल्याकडचे बहुतेक जिन दोन रोलरचे. त्या रोलरवर क्रोमने कमावलेल्या चामड्याच्या चकत्या बसवलेल्या असत; अनेक ठिकाणी अजूनही असतात. चालता चालता त्या झिजतात, त्यांना खाचा पाडताना घासतात आणि त्या चामड्याचा चुरा क्रोमियमसह हवेत आणि रुईत जातो. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने आणि तिच्या नागपूरच्या जिनिंग केंद्राने यावर काम करून क्रोमविरहित रोलर काढले. रुई दूषित होते, ही चिंता त्यात मोठी होती. तो चुरा मजुराच्या नाकात थांबतो की छातीत उतरतो, हे पायऱ्यांच्या यंत्राच्या वेगवेगळ्या पट्ट्यांवरून कळेल. चामडे कमावणाऱ्यांच्या घरांना हे वाक्य दोनदा वाचावेसे वाटेल.

यंत्र तयार व्हायला एक-दोन हंगाम जातील. तोवर हात बांधून बसायचे कारण नाही. माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हातात आहे. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला विचारा: परभणी जिल्ह्यात नोंदणीकृत जिनिंग-प्रेसिंग कारखाने किती, गेल्या दहा वर्षांत त्यांपैकी किती ठिकाणी कामाच्या जागेची धूळ मोजली, कोणत्या यंत्राने, कोणत्या आकाराची, बिसिनोसिसचे किती रोगी डॉक्टरांनी कळवले. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'निरंक' आले तर चौथा अर्ज जिल्हा शल्यचिकित्सकांकडे करायचा: पाळीच्या आधी आणि नंतर फुंकण्याची ताकद मोजायला तुमच्याकडे स्पायरोमीटर आहे का आणि ते शेवटचे कधी वापरले. अर्जाची फी दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तीही नाही. उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. अर्ज दसऱ्याच्या आधी पडला तर शेड सुरू होण्याच्या सुमारास उत्तर हातात येईल.